तोंडी घातलेलं वाक्य

संस्थेत तिला सगळे खर्डेबाई म्हणायचे. आडनाव नव्हे ते. दिवसभर खर्डेघाशी करते म्हणून हिशेबनिसाने कधीतरी ठेवलेलं नाव, आणि ते असं चिकटलं की बाहेरची माणसं पाकिटावरसुद्धा तेच लिहू लागली. तिला राग यायचा नाही. निधीसाठी अर्ज लिहिणाऱ्या बाईला राग परवडतच नाही. राग गिळायचा, त्याचं 'गरजेचं विश्लेषण' करायचं आणि तिसऱ्या पानावर टाकायचं, यालाच ती नोकरी म्हणत होती.

संस्था म्हणजे नवऱ्याच्या मारातून निसटलेल्या बायकांसाठी चालवलेलं घर. दोन मजले, मागे भिंतीला भिंत लागून बर्फाचा कारखाना, पुढे लोखंडी फाटक, फाटकावर पाटी नाही. पत्ता कुणाला सांगायचा नाही, कागदावर लिहायचा नाही, टॅक्सीवाल्यालाही कोपऱ्यावरच थांबवायचं. आत येणारी प्रत्येक बाई काहीतरी मोडून घेऊन यायची. कुणाचा दात, कुणाची बरगडी, कुणाचं मनगट. एकीच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता. त्या बाजूने कुणी जवळ आलं की ती दोन्ही हात डोक्यावर घ्यायची, मग येणारी चहा का घेऊन आलेली असेना.

खर्डेबाई तिथे आली तेव्हा साधी टायपिस्ट होती. अर्ज त्या वेळी मोठ्या बाई स्वतः सांगायच्या. मोठ्या बाई म्हणजे संस्थेच्या प्रमुख, मनाने लोणी आणि भाषेने भाषण. 'आमच्या अभागी भगिनींच्या अश्रूंना आपला रुमाल लाभावा' असं त्या सांगायच्या आणि ही मुकाट्याने टंकायची. नकार आले की मोठ्या बाई दोन दिवस जेवायच्या नाहीत. खर्डेबाईने मात्र ते नकार वाचायला घेतले. मग देणगीदारांचे वार्षिक अहवाल वाचले. कोण कशाची फुशारकी मारतो, कुणाच्या फोटोत कसली माणसं उभी असतात, गेल्या तीन वर्षांत कुणी कशाला पैसे दिले आणि कशाला नाही दिले, सगळं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. तिला कळलं ते इतकंच की दुःखाला कुणी पैसे देत नाही, दुःख संपल्याला देतात. पहिल्या पानावर जखम, मधल्या पानांवर आकडे आणि शेवटच्या पानावर ती बाई आपल्या पायांवर उभी. कुणाला आकडे आधी हवे असतात, कुणाला बाई आधी. ते ओळखायचं, त्याप्रमाणे पानं लावायची, आणि एक देणगीदार आटायच्या आत दुसरा हेरून ठेवायचा. याला लोक मोठं नाव देतात, 'निधीचं धोरण' वगैरे. ती म्हणायची, दुकानदाराला गिऱ्हाईक कळायला हवं, बस.

पण तिचा खरा हातखंडा वेगळाच होता. अर्जासाठी ती बायकांशी बोलायची आणि बोलायची म्हणजे खोदून काढायची. "पट्ट्याने मारलं? बरं. बक्कल कुठल्या टोकाला होतं, हातात की अंगावर?" "भिंतीवर डोकं आपटलं, तेव्हा आवाज कसा आला?" काही सांगायच्या. काही उठून जायच्या. एकीने तिच्या तोंडावर पाण्याचा ग्लास फेकला होता. खर्डेबाईने चष्मा पुसला आणि विचारलं, "मग?" ती निर्दय होती असं नाही. रचलेल्या तपशिलाला वास येतो, खऱ्या तपशिलाला येत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. तिचा नियमच होता: नाव बदलायचं, बाकी कशालाही हात लावायचा नाही.

तिचा स्वतःचा नवरा इतका गरीब स्वभावाचा, की भाजीवाल्याशीही घासाघीस करताना लाजायचा. तरी घरी त्याने वरचं कपाट लावायला हात उचलला की ही मान आत घ्यायची. तो बिचारा हात तसाच वर धरून म्हणायचा, "अगं, साखरेचा डबा ठेवतोय."

अशात शिवणवाली आली. तिच्या उजव्या खांद्यावर इस्त्रीचा डाग होता, अख्ख्या तळव्याचा, टोक मानेकडे. नवरा फिटर होता. गरम इस्त्री त्याने खांद्यावर टेकवली आणि दहापर्यंत मोजायला लावलं होतं, तिला स्वतःला, मोठ्याने. ती सातवर बेशुद्ध पडली. हे तिने कापड बेतता बेतता सांगितलं. पहिले काही आठवडे, कारखान्यात बर्फाची लादी आपटली की ती कापडं बेतायच्या मोठ्या टेबलाखाली शिरायची आणि तिथून तिला बाहेर काढता काढता बायकांच्या नाकी नऊ यायचे. पुढे हळूहळू लादी आपटली तरी तिचं मशीन थांबेनासं झालं. खर्डेबाईला हे दिसलं आणि तिचे डोळे लकाकले. भीती कमी झाली हे कागदावर कसं दाखवायचं, यावर देणगीदारांची अख्खी पुस्तकं असतात. इथे ते आयतं समोर होतं, आवाजासकट.

तेव्हा एका मोठ्या कंपनीचा तीन वर्षांचा निधी मिळायची शक्यता होती. तो मिळाला तर छप्पर दुरुस्त होणार होतं, रात्रीची डॉक्टर येणार होती, वरचा मजला उघडता येणार होता. खर्डेबाईने जीव ओतून अर्ज लिहिला. इस्त्री घातली, सात आकडे घातले, बर्फाची लादी घातली. राहिलं शेवटचं वाक्य. ती शिवणखोलीत गेली आणि विचारलं, "आता तो समोर आला तर काय करशील?"

शिवणवालीने दाताने दोरा तोडला. "पळेन."

खर्डेबाईने 'पळेन' लिहिलं. ऑफिसात येऊन त्याच्याकडे बघत बसली. 'पळेन'वर तीन वर्षं कोण देणार? तिने ते खोडलं आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तोंडी न बोललेले शब्द घातले: 'तो समोर आला तर त्याचे हात मोडून त्याच्याच हातात देईन, असं ती आज ठामपणे सांगते.'

मोठ्या बाई वाचून रडल्याच. "हे वाक्य म्हणजे सोनं आहे गं!" त्यांनी ते पान चौकटीत बसवून शिवणखोलीत लावलं. शिवणवालीने ते वाचलं आणि खर्डेबाईला विचारलं, "हे मी कधी म्हणाले?"

"म्हणाली नाहीस. पण म्हणशील की."

दोघी हसल्या. खरोखर हसल्या, आणि तेच नंतर खर्डेबाईच्या जिवाला लागून राहिलं.

निधी मंजूर झाला. कंपनीच्या समाजकार्य विभागातल्या साहेबांना ती कहाणी इतकी आवडली, की त्यांनी ती कामगारांसाठी निघणाऱ्या पत्रिकेत छापली आणि कॅन्टीनच्या फलकावर लावली. नाव बदललेलं होतं. पत्ता कुठेच नव्हता. इस्त्री होती, आणि बर्फाचा कारखाना होता, आणि त्या शहरात बर्फाचा कारखाना एकच होता. खर्डेबाईने कंपनीचे ताळेबंद तपासले होते, संचालकांची कुंडली काढली होती, पैसा कुठून येतो ते बघितलं होतं. कंपनीत कामगारही असतात, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. बक्कल कुठल्या टोकाला होतं हे विचारणाऱ्या बाईने, फिटर कुठे फिटर आहे, हे कधी विचारलं नाही. अर्जात तसा रकाना नव्हता. आणि पैसे कोण देतं याची कागदपत्रं ऑफिसच्या कपाटात असायची, शिवणखोलीपर्यंत ती गोष्ट जायचीच नाही.

मग कंपनीची माणसं पाहणीला यायची ठरली. मागच्या एका पाहणीत फाटकावरच्या मावशींनी देणगीदारांना उन्हात उभं करून हजार प्रश्न विचारले होते आणि मोठ्या बाईंची लाजेने मान खाली गेली होती. म्हणून खर्डेबाईने सकाळीच मावशींना बजावलं, "कंपनीत साहेबापासून शिपायापर्यंत सगळे एकच शर्ट घालतात. निळा, खिशावर चाकाचं चित्र. तो शर्ट दिसला की अडवू नका."

मावशींनी अडवलं नाही. फाटक उघडून "या साहेब" म्हणाल्या. त्याच्या हातात मोठा पाना होता, तो त्यांना दिसला तेव्हा उशीर झाला होता. पहिल्याच घावात त्यांचा खांदा निखळला आणि दुसऱ्यात जबडा. तिसरा फाटकाच्या खांबाला बसला. लोखंडावर लोखंड आपटल्याचा तो आवाज आत ऐकू आला. शिवणवालीने मान वर केली नाही. तिला वाटलं, बर्फाची लादी.

खर्डेबाई तेव्हा शिवणखोलीतच होती, पाहुण्यांना छान दिसावं म्हणून दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे लावत. दारात निळा शर्ट दिसला तेव्हा ती हसून पुढेही झाली. मग तिला पाना दिसला, त्यावरचे केस दिसले, मावशींचे पांढरे केस. पुढचं तिच्या पायांनी ठरवलं. ती कापडं बेतायच्या टेबलाखाली होती. केव्हा शिरली ते तिला आजही सांगता येत नाही.

तिथून तिला फक्त जमीन दिसत होती. जाड तळव्याचे बूट. शिवणवालीचे अनवाणी पाय, मागच्या दाराकडे धावणारे. पळेन म्हणाली होती ती, आणि पळत होती. बूट दोन ढांगांत पोचले. पाय मागे खेचले गेले, वेणीला धरून, आणि वर मशीनच्या लोखंडावर काहीतरी ओलं आपटलं. जमिनीवर दात पडले. एक घरंगळत टेबलाखाली आला, खर्डेबाईच्या हाताशी.

"हात मोडणार माझे?" तो ओरडत होता. "मोड की! मोड ना! सगळ्या कॅन्टीनला वाचून दाखवलंस, आता मला दाखव!"

पुन्हा आपटलं. पुन्हा. मग एक चर्र आवाज, आणि तो किंचाळला. इस्त्री तापलेली होती, पाहुण्यांसाठी टेबलक्लॉथ कडक करायला. जळक्या कातडीचा वास खोलीभर पसरला. पाना खाली पडला, स्टूल पडलं, आणि त्या स्टुलात अडखळून तोही पडला. आता खर्डेबाईला त्याचं तोंड दिसत होतं, एका गालावर इस्त्रीच्या टोकाचा डाग. शिवणवाली पुन्हा मागच्या दाराकडे वळली. त्याने पडल्या पडल्या दोन्ही हातांनी तिचा घोटा आवळला आणि ओढायला लागला. तिने खाली वाकून पाना उचलला.

पहिला घाव बसला तेव्हा खर्डेबाईने डोळे मिटले. कान मिटता येत नाहीत.

कंपनीची माणसं पोचली तेव्हा फाटक उघडंच होतं.

पोलिसांनी दोघांवरही गुन्हा नोंदवला, त्याच्यावर घरात घुसून मारहाणीचा आणि तिच्यावर त्याला कायमचं अपंग केल्याचा. त्याची बोटं पुन्हा वळणार नव्हती. त्याच्या वकिलाने म्हणणं मांडलं. अशील बायकोला समजवायला गेला होता, तिथे तिने ठरवून त्याचे हात मोडले, आणि ठरवल्याचा पुरावा छापील आहे. पत्रिका. शेवटचं वाक्य, लाल रेघ मारलेलं.

मोठ्या बाईंनी दार लावून खर्डेबाईला समोर बसवलं. "तू म्हणायचं, ती म्हणाली होती, पण रागाच्या भरात. म्हणजे तिचंही निभेल, आपलंही."

"तिचं नाही निभणार."

"आणि ते वाक्य तुझं म्हणालीस तर? कंपनी पैसे बंद करेल. बाकीचे आपले सगळे जुने अर्ज भिंग लावून वाचतील. घर बंद पडलं तर इथल्या बायका कुठे जातील? परत? सांग ना, कुणाच्या घरी पोचवू त्यांना?"

खर्डेबाई उठून बाहेर पडली. घरी येऊन ती ओट्याशी उभी राहिली आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भांडी विसळत होता.

"पण खरं काय आहे?"

"खरं एवढंच की ती म्हणाली होती, पळेन."

"मग हे तर केवढंसं वाक्य आहे," तो म्हणाला. "सांगून टाक की."

तिला त्याचा असा संताप आला की हातातली ताटली तिने ओट्यावर आपटून फोडली. तुकडे त्याने गोळा केले. त्याचं बरोबर होतं, म्हणूनच तर संताप आला होता.

कोर्टात शिवणवाली तिच्यासमोर बसली होती. अर्धा चेहरा अजून निळा, पुढचे दात नाहीत. पलीकडे तो, दोन्ही हात प्लास्टरमध्ये मांडीवर ठेवून, अगदी गरीब गाय. खर्डेबाई उभी राहिली आणि म्हणाली, "ते वाक्य तिचं नाही. मी रचलं. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, पळेन. पळेनला पैसे मिळाले नसते."

मागे कुठेतरी मोठ्या बाईंनी तोंडावर रुमाल धरला.

वकील पुढे आला. आणि मग त्याने तिला तिचेच प्रश्न विचारले. तुम्ही कुठे होतात? टेबलाखाली. काय करत होतात? काही नाही. लपले होते. माझ्या अशिलाला कशाने मारलं? पान्याने. तेव्हा तो पडलेला होता? हो. उठत होता? नाही. मग मारायची गरज काय होती?

"त्याने तिचा घोटा धरला होता. दोन्ही हातांनी. वरून कुणाला दिसलं नसतं, मला दिसलं. ती दाराकडेच चालली होती."

"किती घाव घातले?"

"माहीत नाही. पहिल्यानंतर मी डोळे मिटले."

"आवाज तर ऐकला असेल. कसा होता?"

शेकडो बायकांना तिने हे विचारलं होतं. तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. न्यायाधीश बाईंनी वकिलाला हाताने थांबवलं आणि शिवणवालीकडे पाहिलं. "तुम्ही हे वाक्य बोलला नव्हतात, हे खरं?"

"नव्हते बोलले." दात नसल्याने तिचे शब्द फुसफुसत होते. "पण भिंतीवर लावलं होतं, मॅडम. रोज वाचायचे. पाठ झालं होतं."

वकिलाचा चेहरा उजळला. त्याने लगेच विचारलं.

"म्हणजे तुम्ही तसं करायचं ठरवलं होतं?"

"मी पळायचं ठरवलं होतं. दोनदा पळाले. एकदा त्याने वेणी धरली, एकदा पाय. तिसऱ्यांदा पळायला पाय सुटायला हवा होता ना."

तिच्यावरचा गुन्हा टिकला नाही. त्याला तुरुंगात धाडलं. कंपनीने दुसऱ्याच दिवशी सभ्य भाषेत पत्र पाठवून निधी थांबवला, आणि पाठोपाठ आणखी दोघांनी. घर बंद पडलं नाही, पण निम्मं झालं. पत्ता फुटल्यामुळे ते तसंही हलवावंच लागलं, गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका गोदामाच्या वर. दोन बायकांना तिथे जागा पुरली नाही. त्यातली एक परत नवऱ्याकडे गेली. खर्डेबाईने हे कुणाला सांगितलं नाही, आणि विसरलीही नाही. मावशी आता फाटकावर बसत नाहीत, त्यांना घास चावता येत नाही. मोठ्या बाई खर्डेबाईशी कामापुरतं बोलतात. काढून मात्र टाकलं नाही तिला. अर्ज दुसरं कोण लिहिणार?

नवा अर्ज आला तेव्हा कहाणीच्या रकान्यापाशी ती अडली. दोन दिवस टाळलं, मग लॅपटॉप घेऊन शिवणखोलीत गेली. शिवणवाली कवळी लावून मशीनवर बसली होती. खर्डेबाई स्टुलावर बसली. कशाने, कुठे, कसा आवाज, यातलं काही तिने विचारलं नाही.

"तुझं नाही घातलं तरी चालेल," ती म्हणाली. "घालायचं असेल तर तू सांग. तू सांगशील तेवढंच लिहीन."

शिवणवालीने कापड सारखं केलं. 

"लिही," ती म्हणाली. "नवीन लग्न झालं होतं तेव्हा मला जुनं मशीन मिळालं होतं, गंजलेलं. त्याने सुट्टीच्या दिवशी बसून आपल्या मोठ्या पान्याने ते खोललं. एकेक स्क्रू तेलात बुडवून ठेवला, पुसला, परत बसवला. माझा हात त्याच्या हातात धरून चाक फिरवायला शिकवलं. त्या हातांना ग्रीसचा वास यायचा." ती थांबली. "तेच हात मी मोडले. आणि पाना तोच होता. उचलला तेव्हाच ओळखला मी."

खर्डेबाईची बोटं थांबली. "हे वाचून कोण पैसे देईल गं?"

"ते तू बघ. तुझा धंदा आहे तो." तिने मशीनचं चाक हाताने एकदा फिरवलं. "पण शब्द बदलू नकोस."

खर्डेबाईने लिहिलं, वाचून दाखवलं, आणि तसंच पाठवून दिलं.